प्रथिनाच्या घडीत कोण कोणाला टेकतं: रेसिड्यूंचे संपर्क कसे मोजायचे

सुंगटं, म्हणजे कोळंबी, कढईत पडली की मिनिटा-दोन मिनिटांत त्यांचा करडा-निळसर रंग जातो आणि ती केशरी-लाल दिसू लागतात. गोव्यातल्या घराघरांत रोज दिसणारा हा बदल. ते लाल रंगद्रव्य, अ‍ॅस्टाझँथिन, सुंगटाच्या कवचात आधीपासूनच असतं. कच्चेपणी ते क्रस्टासायनिन जातीच्या प्रथिनाच्या खोबणीत घट्ट बसलेलं असतं आणि भोवतालच्या अणूंच्या दाटीमुळे त्याचा रंग निळ्याकडे सरकतो. आच लागली की प्रथिनाची घडी उलगडते, खोबणी मोडते आणि मोकळ्या झालेल्या रंगद्रव्याचा मूळ रंग वर येतो. रंगद्रव्य होतं तेच राहिलं. कोण कोणाला टेकून आहे, एवढंच बदललं.

प्रथिनांच्या जगात जे जे घडतं त्याचा मोठा भाग असाच असतो. औषध प्रथिनाला चिकटतं, प्रतिपिंड विषाणूला पकडतो, एक अमिनो आम्ल बदललं की आजार होतो. या सगळ्यांच्या मुळाशी अणूंची जवळीक असते. ती जवळीक मोजायची रीत म्हणजे संपर्क-विश्लेषण. गणित बारावीच्या पलीकडचं लागत नाही, साधा लॅपटॉप पुरतो, लागणाऱ्या फाइली फुकट मिळतात. तरीही पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचे निकाल चुकतात, कारण संपर्क फाइलमध्ये लिहिलेला नसतो. फाइलमध्ये असतात ते अणूंचे पत्ते. संपर्क कशाला म्हणायचं ते आपण ठरवायचं असतं.

आधी साखळीचं चित्र डोळ्यांपुढे आणू. म्हापशाच्या बाजारात मिळणारी अबोलीची फाती घ्या. फुलं एकामागून एक गुंफलेली, क्रम ठरलेला. फाती सरळ धरली तर तिसरं फूल दुसऱ्याला आणि चौथ्यालाच लागून असतं. तीच फाती गुंडाळून तळहातावर ठेवली की तिसरं फूल थेट चाळिसाव्याला जाऊन टेकतं. प्रथिन म्हणजे अशीच गुंडाळलेली साखळी. तिच्यातलं प्रत्येक फूल म्हणजे एक अमिनो आम्ल. साखळीत जोडलं जाताना त्यातून पाण्याचा रेणू निघून जातो आणि जो भाग उरतो त्याला रेसिड्यू म्हणतात. प्रत्येक रेसिड्यूला दोन अंगं: कण्याचा भाग सगळ्यांत सारखा, आणि कण्यातल्या अल्फा कार्बनपासून बाहेर येणारी बाजूसाखळी, जी वीस प्रकारची असते. ग्लायसीनची बाजूसाखळी म्हणजे नुसता एक हायड्रोजन, तर आर्जिनीनची लांबलचक आणि टोकाला धनभारित.

गुंडाळी टिकते ती तिसऱ्या आणि चाळिसाव्यासारख्या लांबच्यांच्या भेटींमुळे. त्या शोधायच्या आहेत.

फाइलमध्ये काय असतं

प्रथिनांच्या रचना प्रोटीन डेटा बँक या जागतिक संग्रहात ठेवल्या जातात. १९७१ साली तो सुरू झाला तेव्हा त्यात सात रचना होत्या. आज दोन लाखांहून जास्त आहेत. सरावासाठी आम्ही नेहमी क्रॅम्बिन सुचवतो. मोहरीच्या कुळातल्या एका तेलबियाच्या झाडाचं हे प्रथिन फक्त ४६ रेसिड्यूंचं आहे. त्याची जुनी, प्रसिद्ध फाइल १सीआरएन या नावाने मिळते आणि तिच्यात ३२७ अणू आहेत. एवढं लहान प्रथिन असलं की प्रोग्रामने काढलेला प्रत्येक संपर्क डोळ्यांनी तपासता येतो. शिकताना हे फार मोलाचं आहे.

फाइल साध्या मजकुराची असते, एका ओळीत एक अणू. जुन्या ठेवणीच्या फाइलमध्ये प्रत्येक गोष्टीची जागा रकान्यांनी बांधलेली असते: १३ ते १६ रकान्यांत अणूचं नाव, १८ ते २० मध्ये रेसिड्यूचं, २२ व्या रकान्यात साखळीचं अक्षर, २३ ते २६ मध्ये रेसिड्यूचा क्रमांक आणि ३१ ते ५४ मध्ये तीन निर्देशांक. ओळीचे तुकडे मोकळी जागा बघून पाडू नयेत. मोठ्या प्रथिनांत शेजारचे आकडे एकमेकांना चिकटतात आणि सगळं एका घराने सरकतं. रकाने मोजूनच वाचावं, नाहीतर बायोपायथनसारख्या तयार साधनाकडून वाचून घ्यावं.

क्रॅम्बिनचं पहिलं रेसिड्यू थ्रिओनीन. त्याच्या अल्फा कार्बनचा पत्ता आहे १६.९६७, १२.७८४, ४.३३८. दुसरंही थ्रिओनीनच, त्याचा अल्फा कार्बन १३.८५६, ११.४६९, ६.०६६ वर. फरक काढा: ३.१११, १.३१५ आणि १.७२८. तिघांचे वर्ग करून बेरीज १४.३९, तिचं वर्गमूळ ३.७९. उत्तर अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे मीटरच्या हजार कोटीव्या भागात. कुठल्याही प्रथिनात साखळीतल्या लगतच्या दोन अल्फा कार्बनांमधलं अंतर जवळजवळ नेहमी ३.८ अँगस्ट्रॉम येतं, क्वचित उलट्या वळणाच्या जोडणीत ३ च्या आसपास. तुमच्या प्रोग्रामने लगतच्या जोडीला ५ किंवा १२ असं काही दाखवलं, तर वाचनात चूक आहे किंवा मधली रेसिड्यूं फाइलमध्ये नाहीतच. पुढे जाण्याआधी ही एक चाचणी करावीच.

शेजारी कोणाला म्हणायचं

४६ रेसिड्यूंच्या जोड्या होतात १०३५. यातल्या कोणत्या जोड्या संपर्कात आहेत? इथे निर्णय आपला, आणि तीन मोजपट्ट्या रूढ आहेत.

पहिली मोजपट्टी अल्फा कार्बनांची: दोन रेसिड्यूंचे अल्फा कार्बन ८ अँगस्ट्रॉमच्या आत असले की संपर्क. सोपी, जलद, पण दिशा न ओळखणारी. एखाद्या वाड्यावरची दोन घरं बघा. मागच्या भिंती चार पावलांवर, पण एकाचं दार तळीकडे, दुसऱ्याचं देवळाकडे. या घरातून त्या घरात येणं-जाणं नाही. प्रथिनातही दोन अल्फा कार्बन जवळ असून बाजूसाखळ्या विरुद्ध दिशांना तोंड करून असू शकतात. उलटही होतं. आर्जिनीन आणि ग्लुटामिक आम्ल यांचे हात लांब असल्यामुळे अल्फा कार्बन १० अँगस्ट्रॉमवर असूनही टोकांनी ते एकमेकांना घट्ट धरून असतात, आणि ही पट्टी ती जोडी सोडून देते.

दुसरी मोजपट्टी बीटा कार्बनांची, मर्यादा तीच ८. बीटा कार्बन हा बाजूसाखळीचा पहिला अणू, त्यामुळे दार कुठे आहे याचा अंदाज येतो. ग्लायसीनला बीटा कार्बन नसतो, तिथे अल्फा कार्बन घ्यायचा. हे प्रोग्रामला सांगायचं राहिलं तर एक तर प्रोग्राम अडतो, नाहीतर सगळी ग्लायसीनं गुपचूप गळतात. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो कळत नाही. रचनांचं भाकीत करणाऱ्यांच्या जागतिक स्पर्धेत, कॅस्पमध्ये, हीच व्याख्या वापरली गेली.

तिसरी मोजपट्टी सगळ्या जड अणूंची, म्हणजे हायड्रोजन वगळून इतर सर्वांची: एका रेसिड्यूचा कोणताही अणू दुसऱ्याच्या कोणत्याही अणूपासून ४.५ अँगस्ट्रॉमच्या आत असला की संपर्क. काही जण ५ घेतात. हा आकडा हवेतून आलेला नाही. कार्बनची व्हॅन डर वाल्स त्रिज्या, म्हणजे बंध नसलेला दुसरा अणू ज्या हद्दीपर्यंत येतो तिचं माप, १.७, म्हणजे दोन कार्बन नुसते टेकले की ३.४. प्रत्यक्षात ते थोडे सैल, बहुधा ३.६ ते ४.२ वर असतात. मध्ये पाण्याचा एक रेणू शिरायचा तर आणखी २.८ च्या आसपास जागा लागते, म्हणजे अंतर ६ च्या पुढे जातं. ४.५ ची मर्यादा घातली की मध्ये कोणीही नाही याची खात्री असते.

आमच्या मते, घडीचा साधारण आकार बघायचा असेल तर बीटा कार्बन घ्यावा, आणि एखादं रेसिड्यू बदलल्याने काय बिघडलं हे शोधायचं असेल तर सगळे जड अणू. अल्फा कार्बनची पट्टी तेव्हाच घ्यावी, जेव्हा रचना इतकी धूसर आहे की बाजूसाखळ्यांच्या जागांवर विश्वास ठेवता येत नाही.

वरची मर्यादा ठरली, तशी खालचीही असते. दोन अणू किती जवळ येऊ शकतात? १९६३ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी नेमका हाच प्रश्न विचारला. न बांधलेल्या दोन कार्बनांमध्ये साधारणपणे किमान ३.२ आणि टोकाला ३.० अँगस्ट्रॉम अंतर हवं, अशा मर्यादा त्यांनी प्रत्येक अणुजोडीसाठी घातल्या आणि साखळीच्या कण्याची कोणती वळणं शक्य आहेत ते आखून दाखवलं. जगभर रामचंद्रन आलेख म्हणून शिकवलं जातं ते हेच. त्याचा पाया संपर्क-विश्लेषणच आहे, आणि ते संगणकाच्या पडद्यावर प्रथिनं फिरवून बघता येण्याआधीचं काम आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावं. व्यवहारात याचा उपयोग असा: तुमच्या यादीत न बांधलेले दोन कार्बन २.५ वर दिसले तर तो घट्ट संपर्क समजू नका. ती रचनेतली चूक असते किंवा तुमच्या वाचनातली.

आणखी एक चाळणी लागते. साखळीत लगतचे रेसिड्यू एकमेकांजवळ असणारच. त्यातून काही कळत नाही. म्हणून क्रमांकांतला फरक किमान ३ किंवा ४ असलेल्या जोड्याच धरतात. फरक किमान ४ धरला तर क्रॅम्बिनच्या १०३५ जोड्यांतून ९०३ उरतात. कॅस्पमध्ये ६ ते ११ फरकाला जवळचा, १२ ते २३ ला मधला आणि २४ पासून पुढे लांबचा संपर्क म्हणतात.

क्रॅम्बिनच्या ३२७ अणूंच्या जोड्या ५३,३०१ होतात. सगळ्या मोजल्या तरी संगणकाला क्षण लागतो. हिमोग्लोबिनसारखं मोठं प्रथिन असेल किंवा प्रथिनाच्या हालचालींचं संगणकावर केलेलं, हजारो चित्रांचं अनुकरण असेल तर मात्र अवकाशाचे चौकोनी डबे पाडून फक्त शेजारच्या डब्यांतले अणू तपासावे लागतात. बायोपायथनमध्ये त्यासाठी शेजार शोधणारं साधन तयार मिळतं. ते स्वतः लिहिण्यात वेळ घालवू नये.

नकाशा वाचणं

जोड्या मिळाल्या की चौरस कागदावर आडव्या आणि उभ्या दोन्ही बाजूंना १ ते ४६ क्रमांक लिहायचे आणि प्रत्येक संपर्काला एक ठिपका द्यायचा. हा झाला संपर्क-नकाशा. कर्णाच्या दोन्ही बाजूंना तो सारखाच असतो. यात आकार लगेच ओळखू येतात. सर्पिल भाग, म्हणजे जिथे साखळी स्प्रिंगसारखी वळलेली असते, कर्णाला चिकटून जाड पट्टा देतो, कारण सर्पिलात प्रत्येक रेसिड्यू आपल्यापुढच्या तिसऱ्या-चौथ्याला भेटतो. बीटा पट्टी म्हणजे साखळीचा जवळपास सरळ ताणलेला भाग; एकाच दिशेने जाणाऱ्या अशा दोन पट्ट्या कर्णाला समांतर रेघ देतात, आणि उलट दिशांच्या पट्ट्या कर्णाला काटकोनात.

क्रॅम्बिनमध्ये ७ ते १९ आणि २३ ते ३० हे दोन सर्पिल आहेत, म्हणून कर्णावर दोन जाड भाग दिसतील. १ ते ४ आणि ३२ ते ३५ या उलट दिशांच्या दोन पट्ट्या. त्यांची काटकोनातली रेघ नकाशाच्या कोपऱ्याकडे. दोन्ही सर्पिलही एकमेकांना उलट दिशेने टेकून आहेत, त्यामुळे मध्यभागी काटकोनात तुटक ठिपके येतात. तुटक का, तर सर्पिलाची एकच बाजू दुसऱ्याकडे असते, आणि ती बाजू तीन-चार रेसिड्यूंनी पुन्हा येते. हे ठिपके हाताने आखून, मग पायमॉल किंवा कायमेरा-एक्स या रचना दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ती फिरवून तीच जागा शोधावी. एकदा हे जमलं की नकाशा बघून घडी मनात उभी राहते.

हाच प्रवास उलटाही करता येतो. एकाच कुटुंबातल्या हजारो प्रथिनांचे क्रम शेजारी मांडले, तर दिसतं की घडीत टेकणाऱ्या जागा बऱ्याचदा जोडीने बदलतात: एकीकडे मोठं रेसिड्यू आलं की समोर लहान येतं. या जोड्यांवरून नकाशा आणि नकाशावरून घडी असा मार्ग गेल्या दशकात पक्का झाला. क्रमावरून घडीचं भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रोग्रामचा पाया त्यातच आहे, आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारातला अर्धा वाटा डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना त्याच कामासाठी मिळाला.

कोणत्या प्रकारचा संपर्क

ठिपका फक्त जवळीक सांगतो. ती कसली, हे अणूंची नावं बघून ठरवायचं. दोन सिस्टीनांचे गंधक २.०५ अँगस्ट्रॉमच्या आसपास असतील तर तो खराखुरा रासायनिक बंध, डायसल्फाइड. क्रॅम्बिनमध्ये असे तीन आहेत: ३ आणि ४०, ४ आणि ३२, १६ आणि २६. अबोलीच्या फातीतलं तिसरं फूल चाळिसाव्याला टेकलं ते इथूनच. हे तीन बंध तुमच्या यादीत आले नाहीत तर प्रोग्राम चुकला, इतकी ही सोपी परीक्षा आहे. आणि यादीत ते अणूंची टक्कर म्हणून आले, तर गंधकांमधला बंध प्रोग्रामला ओळखता आलेला नाही.

हायड्रोजन बंधासाठी देणारा आणि घेणारा, म्हणजे नायट्रोजन किंवा ऑक्सिजन, ३.५ अँगस्ट्रॉमच्या आत हवेत आणि कोनही बराचसा सरळ हवा. पण प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून काढलेल्या बहुतेक रचनांत हायड्रोजन दिसतच नाहीत. ते आधी प्रोग्रामने बसवून घ्यावे लागतात. पाणी टाळणाऱ्या बाजूसाखळ्यांच्या संपर्कात कार्बन ते कार्बन अंतर बघायचं. कड्यांच्या जोड्यांत कड्यांच्या मध्यबिंदूंमधलं, साधारण ४.५ ते ७.

क्षार-सेतूची व्याख्या अशी: ऋणभारित ऑक्सिजन आणि धनभारित नायट्रोजन ४ अँगस्ट्रॉमच्या आत. बहुतेक जण प्रोग्राममध्ये लिहितात की ऋण बाजूला अस्पार्टिक किंवा ग्लुटामिक आम्ल, धन बाजूला लायसीन किंवा आर्जिनीन. क्रॅम्बिनवर हा प्रोग्राम चालवा, आणि १० क्रमांकाच्या आर्जिनीनचा सेतू त्यातून निसटेल. कारण त्याचा जोडीदार ४६ वं अ‍ॅस्परॅजीन आहे. अ‍ॅस्परॅजीनच्या बाजूसाखळीवर भार नसतो. पण ते साखळीचं शेवटचं रेसिड्यू आहे, आणि साखळीच्या शेपटाला स्वतःचा ऋणभार असतो. फाइलमध्ये त्या जादा ऑक्सिजनचं नाव ओएक्सटी. प्रोग्राममध्ये हा अणू आणि साखळीच्या सुरुवातीचा नायट्रोजन दोन्ही घालावेत. ही चूक किती महाग पडते ते हिमोग्लोबिनमध्ये दिसतं.

हिमोग्लोबिन: एक पूर्ण उदाहरण, सापळ्यांसकट

रक्तातलं हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं असतं: दोन अल्फा, प्रत्येकी १४१ रेसिड्यूंच्या, आणि दोन बीटा, प्रत्येकी १४६ च्या. ऑक्सिजन नसताना रेणू ताठ असतो, ऑक्सिजन आला की सैल होतो. मॅक्स पेरुट्झ यांनी १९७० मध्ये दाखवलं की ताठ अवस्था काही क्षार-सेतूंनी धरून ठेवलेली असते आणि ऑक्सिजन आला की ते तुटतात. हे आपण स्वतः तपासू शकतो. ऑक्सिजनविना रचना २एचएचबी, ऑक्सिजनसह १एचएचओ.

पहिल्या फाइलमध्ये अल्फा साखळीचं शेवटचं रेसिड्यू, १४१ वं आर्जिनीन, समोरच्या अल्फा साखळीच्या १२६ व्या अस्पार्टिक आम्लाला बाजूसाखळीने धरतं, आणि शेपटाच्या ऑक्सिजनने तिच्याच १२७ व्या लायसीनला. बीटा साखळीचं शेवटचं, १४६ वं हिस्टिडीन, आपल्याच साखळीच्या ९४ व्या अस्पार्टिक आम्लाला बाजूसाखळीने धरतं आणि शेपटाने अल्फाच्या ४० व्या लायसीनला. शेपूट विसरणारा प्रोग्राम यातले दोन प्रकार सोडून देईल, आणि हिस्टिडीनला धनभारित न मानणारा प्रोग्राम तिसराही.

आता १एचएचओ उघडा. सेतू नाहीत! निष्कर्ष लिहायला हात शिवशिवतात, पण थांबा. साखळ्या मोजा. या फाइलमध्ये चार नाहीत, दोनच आहेत: एक अल्फा, एक बीटा. स्फटिकात रेणूचे दोन अर्धे भाग तंतोतंत सारखे होते, म्हणून फाइलमध्ये एकच अर्धा लिहिला आहे. दुसरा सममितीने तयार करायचा असतो. समोरची अल्फा साखळी फाइलमध्येच नाही, तर तिच्याशी सेतू दिसणार कुठून? निष्कर्ष योगायोगाने बरोबर आला, पण पुरावा शून्य. अर्ध्या फाइलवरून खात्रीने बोलता येतं ते फक्त १४६ आणि ९४ या एकाच साखळीतल्या जोडीबद्दल.

उपाय म्हणजे जैविक संच नावाची फाइल उतरवून घेणं, जिच्यात पूर्ण रेणू असतो. इथे लगेच पुढचा सापळा. जुन्या ठेवणीच्या संच-फाइलमध्ये दुसरा अर्धा भाग दुसरं मॉडेल म्हणून येतो, साखळ्यांची अक्षरं तीच ठेवून. बरेच प्रोग्राम फक्त पहिलं मॉडेल वाचतात, म्हणजे तुम्ही परत अर्ध्यावरच. पण सरसकट सगळी मॉडेलं वाचा असंही सांगता येत नाही, कारण चुंबकीय अनुनादाने काढलेल्या रचनांत वीस-वीस मॉडेलं असतात आणि ती एकाच रेणूची पर्यायी चित्रं असतात. ती एकत्र वाचली तर एकाच रेसिड्यूचे वीस अवतार एकमेकांवर आदळतात. त्यामुळे फाइल कशाची आहे ते आधी वाचावं. संचाची नवी ठेवण, एमएमसीआयएफ, घेतली तर प्रतींच्या साखळ्यांना वेगळी नावं मिळतात आणि ही अडचण बरीचशी टळते.

पूर्ण रेणूच्या ५७४ रेसिड्यूंच्या १,६४,४५१ जोड्या दोन्ही अवस्थांत काढाव्यात, आणि एका यादीतून दुसरी वजा करावी. उरतं ते खरं काम: कोणते संपर्क तुटले, कोणते नवे जुळले. मात्र ४.४ चा ४.६ झाला म्हणून संपर्क तुटला असं लिहू नये. तुटला म्हणायला अंतर निदान एक अँगस्ट्रॉमने तरी वाढलेलं असावं, असा आमचा आग्रह आहे. मर्यादा ४, ४.५ आणि ५ अशा तीनदा लावून बघावी. मर्यादेबरोबर निष्कर्ष उलटत असेल तर तो निष्कर्ष प्रथिनाचा नाही, तुमच्या आकड्याचा आहे.

बाकीचे सापळे थोडक्यात. कधी कधी एकाच बाजूसाखळीच्या दोन जागा फाइलमध्ये असतात, १७ व्या रकान्यात त्यांचं अक्षर असतं. दोन्ही मोजल्या की संपर्क दुप्पट. अ‍ॅस्परॅजीन आणि ग्लुटामीनच्या टोकाला नायट्रोजन कुठला आणि ऑक्सिजन कुठला हे क्ष-किरणांना सहसा वेगळं कळत नाही, म्हणून बसवणाऱ्याने ते उलटे बसवलेले असू शकतात. हायड्रोजन बंध मोजण्याआधी मॉलप्रोबिटीसारख्या साधनाने तपासून घ्यावं. प्रतिपिंडांच्या फाइलमध्ये ५२ नंतर ५२ए येतो, त्यामुळे क्रमांक वजा करून साखळीतलं अंतर काढू नये, जागा मोजाव्यात. विभेदन, म्हणजे रचना किती बारकाईने दिसली त्याचं माप, ३ अँगस्ट्रॉमच्या आसपास असेल तर बाजूसाखळीच्या टोकांबद्दल बोलताना आवाज खाली ठेवावा.

आणि एक नवा, सध्या सर्वांत जास्त दिसणारा सापळा. प्रयोगाच्या रचनेत ६१ ते ६६ या रकान्यांत अणूच्या हालचालीचा आकडा असतो; जितका मोठा, तितकी जागा अनिश्चित. अल्फाफोल्डच्या फाइलमध्ये त्याच रकान्यांत ० ते १०० असा विश्वासाचा आकडा असतो. जितका मोठा, तितकी जागा भरवशाची. अर्थ बरोबर उलटा. जुनी चाळणी नव्या फाइलला लावली की सगळ्यात चांगला भाग फेकला जातो आणि नूडल्ससारखे लोंबणारे भाग उरतात. भाकीत-रचनेत ७० च्या खालच्या रेसिड्यूंचे संपर्क आम्ही धरत नाही.

एका रेणूबाहेरचा संपर्क

स्फटिकात प्रथिनाचे रेणू विटांसारखे रचलेले असतात, आणि शेजारच्या विटेशी होणारे संपर्क बहुतेक वेळा स्फटिकापुरतेच असतात. शरीरात ते घडत नाहीत. म्हणून ते वगळावेत, हा नियम बरोबर आहे. पण एक ठिकाण असं आहे जिथे आजार नेमका त्याच संपर्कात होता.

सिकल सेलच्या आजारात बीटा साखळीच्या ६ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन असतं. लिनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा रेणूचा आजार असल्याचं दाखवलं. नेमका बदल व्हर्नन इनग्राम यांनी पुढच्या दशकात शोधला. जनुकांच्या अहवालात हाच बदल ७ व्या जागी लिहिलेला सापडतो, कारण तिथे साखळी तयार होताना सुरुवातीला असलेलं आणि नंतर गळणारं मेथिओनीनही मोजतात. फाइलमध्ये ७ वा शोधून चुकीच्या रेसिड्यूचे संपर्क काढणं ही नेहमीची चूक.

६ व्या व्हॅलीनचे संपर्क तुम्ही एका रेणूच्या आत शोधले तर हाती विशेष काही लागत नाही. ते पृष्ठभागावर आहे, साखळीतल्या लांबच्या कोणाला न टेकता. मग एवढ्या बदलाने तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकडी का व्हावी? २एचबीएस ही रचना उघडा आणि या वेळी दोन रेणूंमधले संपर्क मोजा. एका रेणूचं व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवरच्या खळगीत उतरलेलं दिसतं. खळगीच्या भिंती म्हणजे ८५ वं फिनाइलअलॅनीन आणि ८८ वं ल्युसीन, दोन्ही पाणी टाळणारी. व्हॅलीनही तसंच, म्हणून ते तिथे घट्ट बसतं. ग्लुटामिक आम्लाचा भारित हात त्या खळगीत बसला नसता. रेणूत अशी दोन व्हॅलीनं असतात, पण या जोडणीत त्यांतलं एकच भाग घेतं.

ऑक्सिजन असताना रेणूचा आकार बदललेला असतो आणि व्हॅलीनला ती खळगी नीट साधत नाही. ऑक्सिजन सुटला की रेणू एकाला एक लागून दोरखंड वळला जातो आणि तो पेशीला आतून ताणतो. सगळं अंतर चार अँगस्ट्रॉमच्या आसपासचं, तीन रेसिड्यूंमधलं. ते बघण्यासाठी प्रोग्रामला एकच गोष्ट सांगावी लागते: साखळीचं अक्षर वेगळं असलं तरी जोडी मोज.